अर्धं-अर्धं होत नाही: घटस्फोटात सोनं, शेती, घर आणि कर्ज यांचा हिशेब

‘कायद्यानं अर्धं तर मिळतंच ना, मॅडम?’

मी वकील आहे, आणि हा प्रश्न माझ्या टेबलासमोर दोन वेगवेगळ्या सुरांत येतो. रावेरकडची एखादी ताई विचारते तेव्हा त्यात आशा असते. सासऱ्यांची बारा एकर केळी आहे, त्यातली दोन-तीन एकर तरी आपल्या नावावर होईल. धुळ्याचा एखादा भाऊ विचारतो तेव्हा तो घाबरलेला असतो. आत्ताच देवपुरात प्लॉट घेतलाय, अर्धा जाणार की काय? दोघांनाही मी एकच उत्तर देते: नाही. ताईचा चेहरा पडतो, भाऊचा खुलतो. मग भाऊला सांगावं लागतं, की थांबा, एवढ्यात पेढे वाटू नका.

आपल्याकडे लग्न लागलं म्हणून दोघांची मालमत्ता एक होत नाही. सातबारा ज्याच्या नावावर, खरेदीखत ज्याच्या नावावर, मालमत्ता त्याची. देशात याला जुना अपवाद आहे तो गोव्याचा. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात. बाकी देशात तसं व्हावं म्हणून प्रयत्न झाले. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला हिस्सा देण्याची तरतूद असलेलं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत मंजूर होण्याआधीच ती लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं, की घर सांभाळणाऱ्या बायकोच्या राबण्यामुळेच नवरा कमावू शकला, म्हणून त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा वाटा आहे. निकाल चांगला आहे, पण तो तिकडचा. जळगावच्या न्यायाधीशांपुढे तो वाचून दाखवता येतो, तो त्यांच्यावर बंधनकारक नाही.

त्यामुळे घटस्फोटात ‘वाटणी’ हा शब्दच मुळात फसवा आहे. वाटणी भावाभावांत होते. नवरा-बायकोत होतो तो हिशेब. माझं मला परत दे, माझ्या पुढच्या जगण्याची सोय कर, आणि दोघांनी मिळून जे उभं केलं किंवा बुडवलं त्याचं काय ते ठरव. या तिन्हींना कायद्यात वेगवेगळी दारं आहेत. लोक चुकीच्या दारावर वर्षानुवर्षं थापा मारत बसतात, हे माझं रोजचं पाहणं आहे.

आणखी एक खुलासा. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून. नंदुरबार, धुळ्याचा सातपुड्याकडचा भाग, चोपडा-यावलचा डोंगरपट्टा इथल्या भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांच्या रूढी लागू होतात आणि रूढी सिद्ध करावी लागते. मुस्लिम बायकांसाठी मेहर (निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम) आणि १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण पोटगीचं फौजदारी कलम (पूर्वीचं १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हे दोन्ही कोणत्याही धर्माच्या, जमातीच्या बाईला वापरता येतात.

सोनं

साडीच्या दुकानाच्या पिशवीत लग्नाचा अल्बम, सराफाच्या तीन पावत्या आणि एक लग्नपत्रिका घेऊन एक ताई आली होती. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या वडिलांनी निळ्या पेनानं यादी केली होती: पोत तीन तोळे, पाटल्या चार तोळे, कानातलं सहा ग्रॅम, खाली आंदणाची भांडी, कपाट, शिलाई मशीन. शेवटी जावयाची अंगठी आणि गोफ. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. ती म्हणाली, ‘माले दुसरं काही नको. मन्हं सोनं मन्हाजोडे पाहिजे.’

तिला वाटत होतं ती फार मोठं काहीतरी मागतेय. खरं तर सगळ्या हिशेबात सर्वांत भक्कम बाजू तिची तीच होती. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर बाईला जे दिलं गेलं ते तिचं स्त्रीधन. मग ते माहेरानं दिलेलं असो, सासरानं घातलेलं असो की मामानं. त्यावर नवऱ्याचा अर्धाही हक्क नाही, पावही नाही. १९८५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सासरच्यांच्या कपाटात ठेवलेलं स्त्रीधन ही तिची ठेव आहे आणि मागूनही परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २०२४ मध्ये याच न्यायालयानं पुन्हा बजावलं, की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करायची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या प्रकरणात सोनं उरलंच नव्हतं, म्हणून बाईला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

पण हक्क भक्कम असला तरी पुरावा आपणच गोळा करायचा असतो, आणि तिथं लोक कमी पडतात. सराफाच्या पावत्या बऱ्याचदा वडिलांच्या नावानं असतात. चालतं, वडील किंवा भाऊ साक्ष देतात. पावती हरवली असेल तर सराफाकडं जुनी वही आहे का विचारायचं. अल्बममधले फोटो उपयोगी पडतात, त्यातही हळदीचे नाही, लग्नाचे, कारण हळदीत बहुतेकींनी दागिने काढून ठेवलेले असतात. १९८५ च्या नियमांनुसार खरं तर वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून त्यावर सह्या घ्यायच्या असतात. आमच्याकडच्या मांडवात ती यादी मी आजवर पाहिलेली नाही. यादी होते ती आहेराच्या वहीत, कोणी ५०१ दिले आणि कोणाला पुढं किती परत करायचे याची.

जावयाची अंगठी आणि गोफ त्याचाच, जर ती प्रेमाची भेट असेल तर. मागून घेतलं असेल तर तो हुंडा. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा सांगतो, की हुंडा ज्याच्या हातात पडला त्यानं तो तीन महिन्यांत त्या बाईच्या नावे करायचा, नाहीतर शिक्षा. दोघांना मिळून दिलेल्या वस्तू, म्हणजे फ्रिज, सोफा, पलंग, यांचा निकाल हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली घटस्फोटाचं न्यायालयच लावू शकतं. यावर मात्र फार भांडू नये असं माझं मत आहे. दहा वर्षं वापरलेल्या पलंगावरून तीन तारखा घालवलेले लोक मी पाहिलेत. वकिलाची फी पलंगापेक्षा जास्त झाली.

सोनं मागताना रुपयांत मागू नका, ग्रॅममध्ये मागा. दहा वर्षांपूर्वी तोळा तीस हजारांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो लाखाच्या पलीकडं गेला. ‘लग्नातल्या पावतीप्रमाणे दोन लाख दहा हजार’ असं लिहून घेतलं तर सात तोळ्यांच्या जागी दोन तोळेच हातात येतात. वजन, कॅरेट आणि दागिन्याचं नाव, हे तिन्ही लिहून घ्यायचं.

आणि सोनं गहाण असेल तर? गोल्ड लोन नवऱ्याच्या नावानं असेल तर ते फेडून दागिना सोडवून देणं त्याचं काम. पण पुष्कळदा बँकेत सही बायकोची असते. ‘तुझंच सोनं आहे, तूच सही कर’ म्हणून नेलेलं असतं आणि पैसे गेलेले असतात बोअरवेलला. ही अवघड गाठ आहे. तिच्याकडं मी पुन्हा येते.

शेती

सर्वांत जास्त गैरसमज इथं आहेत, आणि सर्वांत जास्त लपवाछपवीही.

सासऱ्यांनी स्वतः घेतलेली जमीन सासऱ्यांची. ते हयात असताना त्यात नवऱ्याचाही हक्क नाही, मग सुनेचा कुठून येणार? वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा हिस्सा असतो, पण बायको स्वतः उठून ‘माझी वाटणी करा’ असं म्हणू शकत नाही. लग्न टिकून असताना नवरा आणि मुलगे यांच्यात प्रत्यक्ष वाटणी झाली, तर आपल्या भागात आईला मुलाएवढा हिस्सा मिळतो. घटस्फोट झाल्यावर ते दार बंद होतं. नवऱ्याच्या पश्चात वारस म्हणूनही तिचं नाव लागत नाही.

मुलांचं लागतं. घटस्फोट नवरा-बायकोत होतो, बाप-लेकरांत होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून आहे आणि मुलीचाही तेवढाच आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये आला, आणि वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मिटवला. म्हणून ‘पोरगी तू घेऊन जा, तिचा आमच्या शेतीशी संबंध नाही’ असं कोणी लिहून मागितलं तर सही करू नका. आईला मुलीचा हक्क असा फुकटात सोडून देण्याचा अधिकारच नाही.

मग बाईला शेतीतून काहीच नाही? आहे, पण वळसा घेऊन. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय कायमची पोटगी ठरवतं. एकरकमी किंवा दरमहा. ती ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही बघितलं जातं. म्हणजे बारा एकरांतला हिस्सा तिला मिळत नाही, पण त्या हिश्शाकडं बघून रक्कम ठरते. शिवाय त्याच कलमात एक वाक्य आहे, ज्याचा वापर आमच्याकडं फार कमी होतो: पोटगीची रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून ठेवता येते. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा जसा सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात चढतो, तसाच हा चढवून घ्यायचा. मग पोटगी बुडवून जमीन विकायला निघालेल्याला गिऱ्हाईक मिळताना घाम फुटतो.

नोटीस गेल्यावर चार दिवसांत काय होतं हेही सांगते. जमीन भावाच्या नावानं हक्कसोड होते. किंवा वडिलांच्या नावे. बाई हादरते. तिनं हादरून न जाता दोन गोष्टी करायच्या. एक, अर्जाबरोबरच मालमत्ता हलवू नये म्हणून मनाई हुकूम मागायचा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर बँकेचे लॉकर आणि खाती न हाताळण्याचाही आदेश मिळतो. दोन, ताजा सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (नावबदलाची नोंद) काढून ठेवायचे, म्हणजे कोणत्या तारखेला काय हललं ते कागदावर दिसतं. पोटगी चुकवण्यासाठी केलेलं फुकट हस्तांतर तिच्या हक्काच्या आड येत नाही.

उत्पन्नाचा पुरावा ही तर एक वेगळीच गंमत आहे. न्यायालयात उभा राहिलेला शेतकरी नवरा जगातला सर्वांत गरीब माणूस असतो. केळीवर करपा आला, कापसाला भाव नाही, कांदा सडला. यातलं पुष्कळ खरंही असतं, हे मी शेतकऱ्याचीच मुलगी म्हणून सांगते. पण त्याच माणसानं त्याच वर्षी बँकेत ट्रॅक्टरच्या कर्जासाठी अर्ज केलेला असतो, आणि त्या अर्जात त्याचं उत्पन्न बघावं. तिथं केळी कशी डोलत असते! मी उलटतपासणीत दुसरं काही विचारत नाही. कर्जाचा अर्ज मागवून घेते. त्याबरोबर ई-पीक पाहणीची नोंद, पीकविम्याची रक्कम, केळीच्या व्यापाऱ्याची काट्याची पावती, जिनिंगमधल्या कापसाची पट्टी आणि ठिबकच्या अनुदानाची फाईल. शेतीचं उत्पन्न लपत नाही, ते फक्त सात ठिकाणी पसरलेलं असतं.

२०२० पासून हे काम थोडं सोपं झालंय. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. पगार, शेती, सोनं, ठेवी, विमा, गाडी, कर्ज, सगळं. शपथेवर खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. दोन्ही बाजूंनी म्हणजे बाईनंही. शिवणकामाचे दरमहा चार हजार येत असतील तर ते लिहायचे. लपवलेले चार हजार सापडले, की खरे सांगितलेले चाळीस मुद्दे पडतात.

आता उलटी बाजू. काही घरांत दोन-तीन एकर बायकोच्या नावावर असते. कधी कर्जासाठी, कधी योजनेसाठी, आणि काही गावांत खरोखर मानानं दिलेली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा आपल्या जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे गाव त्यात पुढं होतं. गावातल्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. पुढं सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची योजना आणली. तुमचं नाव असं लागलेलं असेल तर ते कशाच्या आधारानं लागलं ते बघा. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा खरेदीखत असेल तर जमीन तुमची आणि घटस्फोटानं ती जात नाही. नुसता फेरफार असेल तर पाय थोडा कच्चा आहे, कारण फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा दस्त नाही. नवऱ्यानं आपल्या उघड कमाईतून बायकोच्या नावे काही घेतलं तर बेनामी कायद्यात ते चालतं. म्हणून तो उद्या ‘पैसे माझे होते’ असा दावा लावू शकतो. लावला म्हणजे जिंकला असं नाही. पैसे कोणी दिले हे त्याला सिद्ध करावं लागतं, आणि ‘मी तिला भेट दिली नव्हती’ हेही.

घर आणि त्यावरचं कर्ज

जळगावात, धुळ्यात नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा खरा गुंता फ्लॅटचा. समजा, फ्लॅट दोघांच्या नावे आहे, कर्जही दोघांच्या नावे. आजची किंमत ४५ लाख, बँकेची बाकी २१ लाख. लोक ४५ चे अर्धे करून साडेबावीस लाखांवर भांडत बसतात. वाटायचे असतात ते २४ लाख, म्हणजे कर्ज वजा जाऊन जे उरतं ते. फ्लॅट नवऱ्याकडं राहणार असेल तर प्रत्येकी १२ प्रमाणे त्यानं बायकोला १२ लाख द्यायचे आणि २१ लाखांचं कर्ज स्वतःच्या अंगावर घ्यायचं.

इथवर गणित पाचवीचं आहे. आता खाचखळगे. सुरुवातीच्या रकमेत बायकोच्या वडिलांनी चार लाख घातले होते का? हप्ते कोणाच्या खात्यातून गेले? ती पाच वर्षं नोकरी सोडून लेकरांपायी घरी होती, तेव्हा हप्ते त्यानं भरले, पण मग घर कोणी चालवलं? खरेदीखतात हिस्से लिहिलेले नसतील तर साधारण निम्मे-निम्मे धरतात. पण मी तडजोडीला बसते तेव्हा आधी माहेरचे चार लाख बाजूला काढायला लावते आणि मग उरलेल्या वीस लाखांचे दोन भाग करते. म्हणजे तिला १४. हा कायद्याचा नियम नाही, माझी पद्धत आहे. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे मामा-काका मान डोलावतात, कारण माहेरचा पैसा आधी बाजूला काढणं हे त्यांना न शिकवताही पटतं.

मोठा खड्डा पुढं आहे. बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नव्हती. हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या घटस्फोटाच्या आदेशात लिहिलं, की ‘यापुढील हप्ते पती भरील’, तरी बँकेच्या दृष्टीनं दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार. त्यानं चार हप्ते थकवले की फोन तिला येतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तिची खराब होते, आणि दोन वर्षांनी ती स्वतःसाठी छोटं घर बघायला जाते तेव्हा कर्ज नाकारलं जातं. म्हणून ‘तो भरील’ यावर थांबायचं नाही. बँकेकडून तिचं नाव कर्जातून काढल्याचं पत्र घ्यायचं. बँक आधी बघते, की त्याच्या एकट्याच्या पगारात कर्ज बसतं का. बसत नसेल तर त्यानं दुसऱ्या बँकेतून स्वतःच्या नावे कर्ज काढून हे फेडायचं. तेही जमत नसेल तर सरळ फ्लॅट विकायचा, बँक मिटवायची, उरलं ते वाटायचं. भावना बाजूला ठेवून सांगते, तरुण जोडप्यांत विकून मोकळं होणं बहुधा सर्वांत स्वस्त पडतं.

नावं बदलायची असतील तर एक वेळ सांभाळा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं किंवा शेतजमिनीचं मोबदला न घेता बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार वगैरे. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूमनामा झाला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही.

घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर त्यात सुनेला मालकी नाही. पण संसार तिथं झाला असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासरच्यांच्या मालकीचं आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा हक्क छपराचा आहे, विटांचा नाही, आणि तो कायमचाही नाही.

कर्ज ज्याच्या सहीचं

मालमत्तेत जसं नाव, तशी कर्जात सही. नवऱ्याच्या सातबाऱ्यावरचं विकास सोसायटीचं पीककर्ज नवऱ्याचं. त्यानं हातउसने घेतलेले दोन लाख त्याचे. बायकोनं सही केली नसेल तर सावकार तिच्या दारात येऊ शकत नाही. आला तर उभं करू नका. जामीन म्हणून सही असेल मात्र, तर करार कायदा, १८७२ प्रमाणे जामीनदार मूळ कर्जदाराइतकाच बांधलेला. घटस्फोटानं जामीन सुटत नाही.

आता ती अवघड गाठ. बचत गटातून आणि मायक्रोफायनान्समधून कर्ज मिळतं ते बाईच्या नावानं. दर आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता भरायला जाते ती. पैसा गेला असतो नवऱ्याच्या रिक्षाला, दिराच्या लग्नाला, ठिबकच्या नळ्यांना. घटस्फोट घेऊन ती माहेरी आली की कर्ज तिच्या मागं माहेरी येतं, आणि गटातल्या बाकी बाया अडकतात, कारण जबाबदारी सगळ्यांची मिळून. कायद्याच्या कोरड्या भाषेत ते कर्ज तिचंच आहे. पण हिशेबाच्या वेळी ते टेबलावर आणता येतं. पैसे मिळाल्यानंतरचं पासबुक काढा. शनिवारी तीस हजार जमा, सोमवारी तीस हजार काढले, मंगळवारी त्याच आकड्याची ट्रॅक्टरच्या हप्त्याची किंवा कृषी सेवा केंद्राची पावती. असा माग दिसला की तडजोडीत ‘गटाची बाकी रक्कम पतीनं आधी एकरकमी भरायची’ हे कलम घालून घेणं सोपं जातं. सोन्यावरच्या कर्जाचंही असंच. सही तिची, पैसा बोअरला, तर बोअर ज्याच्या शेतात आहे त्यानं सोनं सोडवायचं.

नवऱ्यांसाठीही एक गोष्ट. ‘माझे एवढे हप्ते जातात, पोटगी कुठून देऊ?’ हे न्यायालय फारसं ऐकत नाही. स्वतःच्या नावे गाडी-प्लॉट उभा करण्यासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते हे बायको-मुलांच्या भाकरीच्या आधी येत नाहीत. नोकरदाराचा पगार पोटगीपोटी जप्त झाला तर एक तृतीयांश तेवढा हातात राहतो. पोटगी म्हणजे हातातल्या पगाराच्या २५ टक्के, हा आकडा २०१७ च्या एका निकालातून सगळीकडं पसरलाय. तो अंदाजापुरता ठीक आहे, नियम म्हणून नाही. आणि कलम २५ नवऱ्यालाही आहे. तो अपंग असेल, कमावती बायको असेल, तर तोही मागू शकतो.

कागद कुठं करायचा

आमच्याकडं अजून समाजाची बैठक बसते, दोन्हीकडचे पंच आकडा ठरवतात, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी होते, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे जेवून घरी जातात. बैठकीला माझा विरोध नाही. सोनं किती होतं हे तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांना न्यायाधीशांपेक्षा चांगलं माहीत असतं. पण त्या कागदानं घटस्फोट होत नाही. जमातीत-समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध झालं तरच तो टिकतो. नाहीतर दुसरं लग्न केलेला माणूस कायद्यानं पहिल्या लग्नातच अडकलेला असतो आणि दुसऱ्या बायकोचे हाल कुत्रा खात नाही.

बैठकीत ठरलेलंच परस्पर संमतीच्या अर्जात, कलम १३-ब खाली, अटी म्हणून लिहा. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग पहिला अर्ज, मग सहा महिन्यांची वाट. योग्य प्रकरणात न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं, असं २०१७ पासून आहे. दुसऱ्या वेळी जबाब होईपर्यंत कोणीही संमती मागं घेऊ शकतो, म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नयेत आणि सगळे शेवटावर ठेवूही नयेत. थोडं पहिल्या अर्जाच्या वेळी, थोडं मध्ये, उरलेलं दुसऱ्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं. एकरकमी पोटगीवर आयकर लागत नाही, दरमहाची उत्पन्न म्हणून धरली जाते, हेही आकडा ठरवताना लक्षात असू द्या. विमा आणि भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन त्याच आठवड्यात बदला.

वकील परवडत नाही म्हणून बायका थांबतात, तेव्हा मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडं आहे. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न विचारलं जात नाही.

त्या पत्रिकेवाल्या ताईचं सांगायचं राहिलं. अटी ठरल्या, तारीख लागली, सासरे दागिने घेऊन आले. लाल कापडात बांधलेले. आम्ही दोन्ही बाजू मिळून सराफाकडं वजन करायला गेलो. पाटल्या बरोबर भरल्या. पोत मात्र पावतीत तीन तोळे आणि काट्यावर साडेसव्वीस ग्रॅम. तिचा भाऊ लगेच उठला, ‘घासून काढलं, पाहा!’ सासरे लालेलाल. सराफानं पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि सांगितलं, की तेव्हाची पावती मण्यांसकट आहे. काळे मणी, वाट्यांमधली लाख, सगळं त्या तीन तोळ्यांत. त्या पोतेचे मणी मध्ये एकदा तुटून सासूनं नवीन, हलके ओवून आणले होते, हे मग ताईलाच आठवलं. सोनं तेवढंच होतं.

मी पिशवीतली पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) काढली, ‘पोत ३ तोळे’ खोडून त्यावर ‘मण्यांसह वजन २६.५ ग्रॅम, प्रत्यक्ष मोजून मिळाली’ असं लिहिलं, खाडाखोडीजवळ दोघांच्या सह्या घेतल्या आणि आम्ही परत कोर्टाकडं निघालो, कारण दुपारची हाक व्हायला वीसच मिनिटं उरली होती.